शनिवारची नक्कल

ज्या दिवशी धोंडिराम गायकवाडांना कारखान्यातल्या प्रत्येकाचे कागद वाचायची परवानगी मिळाली, त्या दिवशी ते जेवले नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत ते डबा समोर ठेवून बसले होते. मी टाइम ऑफिसात, ते रेकॉर्डला. दोघांच्या टेबलांमध्ये एक लाकडी आडोसा होता आणि त्याची वरची फळी कधीच निघालेली असल्यामुळे आम्हाला एकमेकांचे चेहरे दिसत.

"बरं नाही का?" मी विचारलं.

"ठोंबरे," ते म्हणाले, "आजपास्नं मला तुमचं सगळं दिसतं."

"माझं काय दिसणार? कोण किती वाजता आला आणि कोण आलाच नाही, एवढंच तर मी लिहितो."

"काय हाय ते मी बघितलं नाय. पण बघायला गेलो तर दिसंल. हे काय बरं नाय."

डबा तसाच बंद राहिला आणि संध्याकाळच्या एसटीनं त्यांच्याबरोबर परत गेला.

आमचा कारखाना कुंभिवलीच्या पुढे, हमरस्त्याला लागून. पत्र्याचे डबे आणि पिंपं तिथे तयार होत. आवाज एवढा की नव्या माणसाला दुसऱ्याचं बोलणं ऐकू येत नसे आणि जुन्या माणसाला ते ऐकायची गरज वाटेनाशी होई. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला मालकांनी तिथे कॉम्प्युटर आणला. त्याच्यासाठी काचेची खोली केली, थंड हवेचं यंत्र बसवलं. पत्र्याच्या छपराखाली मे महिना काढणारी माणसं चपला बाहेर ठेवून त्या खोलीच्या दारापर्यंत येत, हात आत घालून गार करून घेत आणि परत जात. कॉम्प्युटरचा त्यांना झालेला उपयोग तेवढाच.

त्या यंत्राचे पडदे स्टोअर, डिस्पॅच, अकाउंट्स आणि टाइम ऑफिस अशा खात्यांत बसवले होते. प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा. एका खात्याला दुसऱ्याच्या फायली उघडता येत नसत. पण दर शनिवारी सगळ्या फायलींची नक्कल टेपवर उतरवायची होती, यंत्र बिघडलंच तर हाताशी असावी म्हणून. मुंबईचा इंजिनिअर त्याला बॅकअप म्हणे. गायकवाड नक्कल म्हणत आणि पुढे सगळेच नक्कल म्हणू लागले. नक्कल उतरवायची तर सगळ्यांचं सगळं उघडता आलं पाहिजे. ती मुभा यंत्रात एकाच माणसाच्या नावावर द्यायची होती. मॅनेजर सरनाईक साहेबांनी गायकवाडांचं नाव सुचवलं. रेकॉर्डरूमच्या किल्ल्या वर्षानुवर्षं त्यांच्याकडे होत्या आणि त्या खोलीतून टाचणीही हललेली नव्हती.

इंजिनिअरनं त्यांना सगळं शिकवलं. कोणत्या खात्याचं नाव टाइप करायचं, टेप कशी घालायची, दिवा कधी विझतो. गायकवाड मान हलवत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "आन् ज्याची फाइल हाय त्याला कदी विचारायचं?"

"कुणालाच नाही विचारायचं, काका. त्यासाठीच तर तुम्हाला परमिशन दिलीय. बॅकअप काही वाचत नाही. फक्त उचलतो आणि दुसरीकडे ठेवतो."

"न विचारता उचलून दुसरीकडं ठेवायचं, याला आमच्याकडं वेगळा शब्द हाय," गायकवाड म्हणाले.

इंजिनिअर हसला. त्याला वाटलं, म्हाताऱ्यानं विनोद केला.

पहिल्या शनिवारी सकाळी गायकवाड खाकी पँट, पांढरा बुशशर्ट आणि छत्री अशा थाटात फेरीला निघाले. छत्री बारा महिने बरोबर असे. प्रत्येकाच्या टेबलाशी थांबून, छत्री काखेत धरून, ते एकच प्रश्न विचारत, "नक्कल घेऊ का?"

लोकांना आधी हा प्रश्नच वाटला नाही. कुणी कागदातून डोकं न काढता "हूं" म्हटलं, कुणी हात हलवला. गायकवाड हलले नाहीत. "तोंडाकडं बघून सांगा," ते म्हणत. हळूहळू त्यांचे नियम आम्हाला पाठ झाले. फोनवरून दिलेली परवानगी चालत नसे. दुसऱ्यानं दिलेली चालत नसे. मी एकदा कंटाळून म्हटलं, "गायकवाड, माझी कायमची परवानगी समजा. दर आठवड्याला कशाला विचारता?"

"कायमची म्हंजे तुमी पुना विचार करणार नाय," ते म्हणाले. "मंग ती परवानगी कसली? ती सवय झाली."

डिस्पॅचला पेंडसेबाई होत्या. त्यांनी पहिल्यांदा हात जोडले. "अहो, मी नाही म्हटलं तर काय करणार तुम्ही?"

"तर नाय घेणार."

"आणि साहेब ओरडले तर?"

"मला ओरडतील. तुमाला नाय."

बाई थोडा वेळ पेन्सिल कानाशी फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "घ्या. पण खरं सांगू का, आमच्या घरात मला असं कधी कुणी विचारलेलं नाही." पुढच्या शनिवारपासून त्या त्यांच्यासाठी पुडीत चिवडा आणू लागल्या. तो उघडायच्या आधीही गायकवाड विचारत, "खाऊ का?"

रेकॉर्डची त्यांची स्वतःचीही एक फाइल होती. मी विचारलं, "तिची परवानगी कुणाची घेता?"

"माझी मी घेतो. येताना, गाडीत."

"कधी नाही म्हणालात का?"

"एकदा म्हणालो," ते म्हणाले. कारण त्यांनी सांगितलं नाही, आणि त्या शनिवारच्या टेपवर रेकॉर्डची फाइल खरोखरच नव्हती.

खरा घोळ स्टोअरच्या शेलारनं केला. शेलार कुंभिवलीचाच. तोंडानं फटकळ, पण मनात काही ठेवणारा नव्हे. एका शनिवारी माल आलेला, टेंपोवाला खोळंबलेला, आणि गायकवाड छत्री घेऊन समोर.

"नक्कल घेऊ का?"

"मामा, माझ्या बापाला विचारा!" शेलार ओरडला.

गायकवाड म्हणाले, "बरं."

शेलारचे वडील हमरस्त्याला चहाचं हॉटेल चालवत. गायकवाड तिथे गेले, बाकावर बसले आणि त्यांनी सगळी हकिगत सांगितली. कॉम्प्युटर काय, फाइल काय, हे म्हाताऱ्याला कळलं नाही. पण मुलाच्या कुठल्यातरी कामाला आपली परवानगी लागते, एवढं नीट कळलं. आयुष्यात असा मान त्याला पहिल्यांदा मिळत होता.

"नाय देणार," म्हातारा म्हणाला. "आदी आमच्या पडवीचं छप्पर शिवून दे म्हनावं. दोन वर्षं सांगतोय."

गायकवाडांनी परत येऊन तसं कळवलं. शेलारनं कपाळाला हात लावला. "मामा, अहो ती बोलायची पद्धत हाय! मी देतो ना परवानगी. घ्या, घ्या!"

"आता कसं? तुमीच त्यांच्यावर सोपवलं. त्यांनी नाय म्हटलं."

"मी परत घेतो!"

"मंग त्यांना जाऊन तसं सांगा. त्यांच्या तोंडाकडं बघून."

ते काही शेलारच्यानं झालं नाही. दोन-तीन शनिवार स्टोअर टेपवर आलंच नाही. मग एका रविवारी शेलार छप्पर शाकारायला पडवीवर चढला, बाप खाली उभा राहून "हिकडं बग रं, तिकडं बग रं" करत होता, आणि पुढच्या शनिवारी हॉटेलातून निरोप आला की परवानगी आहे.

ही गोष्ट सरनाईक साहेबांपर्यंत जायला वेळ लागला नाही. त्यांनी गायकवाडांना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडं होतं, त्यामुळे आम्हाला ऐकू आलं.

"गायकवाड, स्टोअरची नक्कल नाही आणि यंत्र बंद पडलं असतं तर? मालकांना काय सांगायचं, पडवी गळत होती म्हणून?"

"नाय, साहेब."

"तुम्हाला परवानगी कंपनीनं दिलीय. तुम्ही माणसांची कशाला मागता?"

"यंत्रानं दिली म्हंजे माणसानं दिली असं नाय, साहेब."

साहेब वाईट नव्हते. त्यांनी सुस्कारा टाकला. "हे बघा, पुन्हा एक जरी शनिवार चुकला तर तुमचं नाव तिथून काढून टाकीन. इंजिनिअर म्हणतो, यंत्र हे काम आपलं आपण करू शकतं. मग तुम्ही आणि तुमची छत्री रेकॉर्डला बसा."

गायकवाड बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. बाकीचे हसले; त्यांना त्यातली मेख कळली नाही. मला थोडी कळली, कारण मी आडोशाच्या पलीकडे बसत होतो. सोमवार ते शुक्रवार हा माणूस कुणाशी बोलत नसे. नेरळला एका खोलीत एकटे राहत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन कल्याणला होती. नेरळला कुणाकडे उठबस नाही, कारखान्यात कुणाच्या टेबलाशी जाऊन टेकणं नाही. बोलायला काही निमित्त लागे आणि ते त्यांना सापडत नसे. शनिवारी ते सापडत असे. त्या सकाळी ते स्टोअरपासून अकाउंट्सपर्यंत जात, प्रत्येकाकडे बघत, प्रत्येकजण त्यांच्याकडे बघे. नाव काढलं गेलं असतं तर ती सकाळच गेली असती.

त्यानंतर कित्येक महिने त्यांनी एकही शनिवार चुकवला नाही.

माझी पत्नी कुसुम पावसाळा संपता संपता वारली. आजार लांबलेला होता, त्यामुळे कुणाला धक्का बसला असं म्हणता येणार नाही. मी कर्जतला दहिवलीत राहतो. नातेवाईक आले, त्यांनी घर ताब्यात घेतलं. कोणी पाणी भरत होतं, कोणी भेटायला आलेल्यांना वेळ सांगत होतं. मी बाहेरच्या खोलीत सतरंजीवर भिंतीला टेकून बसलेला होतो. लोक येत, समोर बसत, काहीतरी म्हणत. मी मान खाली घालून ऐकत होतो. त्यांची पावलं तेवढी मला दिसत.

शनिवारी दुपारी दारात छत्रीचं टोक दिसलं.

"ठोंबरे, नक्कल घेऊ का?"

 माझा मेहुणा उठला. "अहो, कोण तुम्ही? या घरात काय झालंय, कळतं का तुम्हाला?"

"कळतं," गायकवाड म्हणाले. "हे रजेवर हायत. म्हणून मी आलो."

"कारखान्याचं काम इथे घेऊन आलात? लाज वाटत नाही?"

 गायकवाड उंबऱ्याच्या बाहेरच उभे होते. मी म्हटलं, "घ्या."

"तोंडाकडं बघून सांगा."

मेहुणा त्यांच्या अंगावर जाणार होता. मी मान वर केली. कुसुम गेल्यापासून मी कुणाचा चेहरा बघितलेला नव्हता. गायकवाडांचा चेहरा घामानं ओला होता आणि डोळे माझ्यावर होते.

"घ्या," मी पुन्हा म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. मग चपला काढून आत आले आणि माझ्या शेजारी सतरंजीवर बसले. शेजारून आलेला चहा प्यायले. दिवेलागणीपर्यंत बसून राहिले.  उठताना फक्त म्हणाले, "येतो."

ते परत कारखान्यात पोचायची वेळ केव्हाच निघून गेली होती. त्या दिवशी टेप लागलीच नसणार, हे मला समजायला हवं होतं. त्या दिवसांत मला काही समजत नव्हतं.

पुढच्या शनिवारी ते पुन्हा आले. पुन्हा उंबऱ्याबाहेर उभे, पुन्हा तोच प्रश्न. मेहुण्यानं या वेळी नुसता कपाळावर हात मारला. मी वर बघून "घ्या" म्हटलं आणि ते येऊन बसले. खोलीत आम्ही दोघंच होतो. बऱ्याच वेळानं, कुणाला सांगतोय असं न दाखवता, ते बोलायला लागले.

"आमच्या वस्तीत कुणीबी यायचं. पाटील, शिपाई, जंगलखात्याचा माणूस. वाकायचं आन् आत. एकदा एका शिपायानं काठीनं मडक्यावरचं झाकण उचलून बघितलं, काय शिजतंय म्हणून. आई तिथंच चुलीपुढं बसलेली. आन् आमी कुणाकडं गेलो तर लांब उभं राहून हाक मारायची." ते थांबले. "छप्पन साली बा धम्मात गेला. घरी आल्यावर त्यानं पयलं काय केलं, तर दाराला कडी बसवली. म्हणाला, आता ज्याला यायचंय त्यानं वाजवायची."

"वाजवली का कुणी?"

"काही जणांनी वाजवली," ते म्हणाले. "बा लगेच उघडायचा नाय. आत उभा राहून ऐकायचा."

मी हसलो की काय, मला आठवत नाही. मेहुणा आतून डोकावून गेला एवढं आठवतं.

त्याच्या पुढच्या शनिवारी तेरावं होऊन गेलं होतं आणि नातेवाईक निघायच्या तयारीत होते. मधल्या खोलीत मेहुण्याची बायको कुसुमचं कपाट उघडून बसली होती. पातळं बाहेर काढून ती एका चादरीत रचत होती. मला ते समोरून दिसत होतं. ही बाई हाताची आणि मनाची चांगली. कुसुमच्या आजारात तिनं रात्री जागवल्या होत्या. घरातून माणूस गेलं की त्याचं सामान कुणीतरी आवरायचं असतं, म्हणून ती आवरत होती. आपल्याला काही म्हणायचं आहे का, हेही मला ठरवता येत नव्हतं.

गायकवाड आले. प्रश्न झाला, उत्तर झालं. बसताना त्यांची नजर आत गेली.

"वयनी," त्यांनी दारातून हाक दिली, "हे ठोंबऱ्यांना विचारलं का?"

"त्यांना काय विचारायचं? त्यांना कशाची शुद्ध तरी आहे का?"

"नसंल. पण विचारा. नाय म्हणाले तर नाय, हो म्हणाले तर हो."

"हा माणूस आता आमच्या घरातलंही बघणार का?" मेहुणा म्हणाला. बायकोनं त्याला हातानं गप्प केलं. ती एक पातळ हातात घेऊन बाहेर आली आणि माझ्यासमोर बसली.

"दाजी, ही पातळं मी नेऊ का? कुणाच्या वापरात तरी येतील."

गायकवाड माझ्याकडे बघत होते. मी तिच्या तोंडाकडे बघितलं.

"नाही," मी म्हटलं.

मला वाटलं होतं, तिला राग येईल.  ती आत गेली, चादरीची गाठ सोडली आणि एकेक पातळ पुन्हा घडी घालून कपाटात ठेवू लागली. ठेवता ठेवता ती मोठ्यानं रडली. या घरात इतक्या दिवसांत मोठ्यानं असं कुणीच रडलं नव्हतं.

रजा संपवून मी कामावर गेलो तेव्हा काचेच्या खोलीत नवी व्यवस्था होती. इंजिनिअरनं यंत्रालाच ती परवानगी देऊन टाकली होती. ठरलेल्या वेळी ते सगळ्यांच्या फायली आपलं आपण उघडी आणि टेपवर उतरवी. टेप बदलायला शिपाई होता. मी शेलारला विचारलं, हे कधी झालं.

"तुमच्याकडं आले ना मामा, त्या शनिवारी टेप लागली नाय," शेलार म्हणाला. "साहेबांनी सकाळीच सांगितलेलं, ठोंबऱ्याची तेवढी न विचारता घ्या, त्याच्या घरी काय झालंय ते बगा. मामा म्हणाले, म्हणूनच विचारून येतो. सोमवारी आले तर नाव काढलेलं." त्यानं मालाच्या पावत्या खिळ्याला टोचल्या. "आता शनिवारी कोण येत नाय बगा. बाप रोज विचारतोय, तो छत्रीवाला का येत नाय? पडवी पुना गळतेय म्हणे."

"मग शिव ना."

"कुणी नाय म्हणत नाय तवर कोण शिवतो?"

मी माझ्या टेबलाशी आलो. आडोशाच्या पलीकडे गायकवाड फायलींचे गठ्ठे बांधत होते. शनिवारच होता. मी म्हटलं, "पहिल्या सोमवारीच तुमचं नाव गेलं होतं."

"हो."

"मग त्यानंतर तुम्ही माझ्याकडे येऊन कसली परवानगी मागत होता? तुमच्याकडे तर काहीच नव्हतं."

त्यांनी गठ्ठ्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. ती आधीही नीटच होती.

"मला दुसरं काय विचारायला येतं, ठोंबरे?" ते म्हणाले.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते शनिवारी कारखान्यातून सुटले की माझ्याकडे येत. विचारायला काही नसल्यामुळे उंबऱ्याबाहेर जरा घुटमळत. मी आतून "या" म्हणे. मग येऊन बसत. आम्ही फार बोलत नव्हतो. निवृत्तीनंतर ते मुलीकडे कल्याणला गेले आणि तिथेच गेल्या वर्षी वारले. मुलीनं निरोप पाठवला होता. मी जाऊन आलो.

रेकॉर्डरूम आता मोडली आहे. तिथे दुसरं, मोठं यंत्र ठेवलं आहे. मी दहिवलीतल्या त्याच घरात राहतो. कपाट मधल्या खोलीत आहे. त्यात कुसुमची पातळं आहेत.